कोंबड्या सामानात धरायच्या का?

घर बदलायचं ठरलं की पहिला फोन टेम्पोवाल्याला जातो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सामान किती?" मी यादी वाचून दाखवली. एक पलंग, फ्रिज, गॅस, दोन कपाटं, पुस्तकांची अकरा खोकी, आईचं शिलाई मशीन, कुंड्या. आणि सात कोंबड्या, एक कोंबडा. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कापून नेणार का जिवंत?" जिवंत, म्हटलं. "मग ताई, त्या सामानात धरू का माणसांत?"

त्याला भाड्याचा हिशेब करायचा होता, बाकी काही नाही. सामान मागे हौद्यात जातं, माणसं पुढे केबिनमध्ये बसतात आणि केबिनमध्ये जागा दोनच. पण तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं ज्या प्रश्नावर पानंच्या पानं खर्च करतात, तो हाच. कोण वस्तू, कोण व्यक्ती, आणि या दोन्हींच्या मध्ये जे कुणी उभे असतात त्यांचं काय करायचं?

आम्ही देवरूख सोडून कोल्हापूरला जाणार होतो. अंतर तसं फार नाही. साखरपा, आंबा घाट, मलकापूर, बांबवडे, की आलंच. नोकरी बदलली म्हणून जायचं होतं. म्हणजे कारण पूर्णपणे माझं होतं. कोंबड्यांना देवरूखात कसलीही अडचण नव्हती. त्यांना परस होतं, फणसाखालची भुसभुशीत माती होती, ती उकरून अंगावर घ्यायला दुपार होती.

पहिली चार पिल्लं २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आणली होती. दोन घारीने नेली, एक मुंगसाने. उरली तिला आता आम्ही 'आजी' म्हणतो. बाकीच्या नंतर आल्या: टिपकी, भुरी, काळी, लंगडी. शिवाय दोन तांबड्या, ज्या इतक्या सारख्या दिसतात की त्यांना नावंच पडली नाहीत. कोंबड्याचं नाव सरपंच. तो तसा वागतो म्हणून.

गावात यात प्रश्न असा कुणाला दिसलाच नाही. शेजारपाजारच्यांनी सुचवलेल्या सगळ्या वाटा सरळ होत्या. देऊन टाक. बाजाराच्या दिवशी वीक, गावठीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. नाहीतर निरोपाचं जेवण घाल, त्यातच संपतील. यातलं कुणी क्रूर नव्हतं. उलट कोंबडीला पावसात भिजू न देणारी, घार दिसली की हातातलं काम टाकून धावणारी हीच माणसं. गावात कोंबडी म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईची स्वतःची चार पैशांची पुंजी असते. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की ती पुंजी मोडायची. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली ३१ कोटींहून जास्त अशी परसातली. त्यांच्याबरोबर माणसांचा एक जुना, न लिहिलेला करार आहे: आम्ही तुला घारीपासून वाचवू, रात्री झाकू, कण्या टाकू, आणि एक दिवस खाऊ. मला हा करार दुकानातल्या पिंजऱ्याहून खूप प्रामाणिक वाटतो.

मग मला नेमकं काय अडलं होतं?

पहिलं उत्तर सोपं आहे: त्यांना दुखतं. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ सालीच मांडलं होतं की प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे गौण; त्याला यातना होतात का, ते पाहा. मुद्दा बिनतोड आहे. पण तो माझ्या उपयोगाचा नाही, कारण मी चिकन खाते. रविवारी चौकातून आणलेला ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगलेला असतो आणि त्यालाही आजीइतकंच दुखतं. यातनांच्या तराजूत दोघी सारख्याच. आजीला कोल्हापूरला नेणारी आणि रविवारी रस्सा भुरकणारी मी, या दोघींना एका अंगात ठेवायचं तर बेंथम पुरत नाही.

दुसरं उत्तर उपयोगाचं. तेही आजीच्या बाबतीत चालत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, व्यापारी जातीची तीनशेच्या घरात. आजी आता महिन्यातून एखादं देते, तेही मनात आलं तर. तिच्या खाण्याच्या पैशांत रोज दुकानातलं अंडं येईल.

तिसरं उत्तर मला संध्याकाळी परसात सापडलं. दिवसभर कोंबड्या कुठेही हिंडतात. पण उजेड उतरला की कुणी न बोलावता एकेक करून खुराड्यात येतात, आपापल्या जागेवर चढून बसतात, आणि मी बाहेरून कडी घालते. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी त्या स्वतःला पूर्ण असहाय करून माझ्या कडीच्या आत येऊन बसतात. याला विश्वास म्हणणं जरा जास्त होईल, सवयच ती. पण ही सवय मी लावली. शंभर संध्याकाळी दाणे टाकून, शंभर रात्री दार लावून मी त्यांना शिकवलं की ही जागा सुरक्षित आहे. जे एखाद्याला आपण मुद्दाम शिकवलं, ते खोटं ठरू न देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ब्रॉयलरला मी काहीच शिकवलेलं नाही. त्याच्याशी मी निर्दोष आहे असा याचा अर्थ होत नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून बाकी आहे.

आता घर बदलताना प्राणी सोबत नेण्याची आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट पाहा. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोचतो. मागे भावंडं आणि द्रौपदी पडलेली, सोबत फक्त एक कुत्रा. इंद्र म्हणतो, तू ये, कुत्रा चालणार नाही. (सोसायटीच्या सेक्रेटरीचं घराणं किती जुनं आहे बघा.) युधिष्ठिर नकार देतो. जो भक्तीने मागे आला त्याला टाकून मला स्वर्ग नको, असा त्याचा मुद्दा. मग तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता असं उघड होतं आणि सगळं गोड होतं.

लहानपणापासून ही गोष्ट आवडायची. या वेळी मात्र तिच्यात दोन अडचणी दिसल्या. एक, तो कुत्रा स्वतःच्या पायांनी मागे आला होता. माझ्या कोंबड्या येणार नव्हत्या. त्यांना घर म्हणजे ती जागा: तो फणस, ते खुराडं, ती कडी. माझ्यामागे घाट चढण्याची इच्छा त्यांच्यातल्या एकीलाही नव्हती. त्यांना मी नेणार होते डालग्यात कोंडून. तेव्हा याला निष्ठा म्हणायचं की अपहरण? दुसरी अडचण, कोंबडा कधीही धर्म निघत नाही. परीक्षा संपली असं सांगायला कुणी येत नाही. जे करायचं ते तो कोंबडाच आहे आणि कोंबडाच राहणार आहे हे धरून करायचं.

पहिल्या अडचणीवर आईशी बोलले. तिचं लग्न विसाव्या वर्षी झालं, नंतर बाबांच्या बदल्यांमुळे दर तीन वर्षांनी नवं गाव. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आम्हाला तरी कुणी विचारलं होतं? पण न विचारता नेलं तरी नीट नेणं आणि कसंही नेणं यात फरक असतो. तुझे बाबा नवीन गावात गेलं की पहिल्यांदा मला पाणी कुठून भरायचं ते दाखवायचे. बाकीचं मग मी बघायचे." संमती घेता येत नसेल तेव्हा नेण्याच्या पद्धतीतूनच काय ते भरून काढावं लागतं, हे मी तिच्याकडून घेतलं. मात्र 'कुणी विचारलं होतं?' हे ती ज्या सहज आवाजात म्हणाली, तो आवाज कोंबड्यांचा विषय मिटल्यावरही माझ्या कानात राहिला आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

खरा पेच सरपंचाचा झाला. कोल्हापूरला ठरवलेल्या घराचे मालक भले होते. मागे मोकळी जागा होती. कोंबड्या चालतील म्हणाले, अंडी दिलीत तर आनंदच आहे. "फक्त कोंबडा नको. पहाटे चारला आरवतो, वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे." यात चूक काही नाही. बाळाची झोप ही माझ्या मते जगातल्या दहा महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक आहे.

देवरूखच्या घरमालकीण काकूंना हे कळल्यावर त्यांनी लगेच तोडगा काढला. राखण दे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते: प्रत्येक जागेला एक राखणदार असतो अशी इथली श्रद्धा. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा, नारळ आणि पुष्कळ घरांत कोंबडा. काकू म्हणाल्या, "या जागेने तुला इतकी वर्षं सांभाळलं. रात्री-अपरात्री एकटी यायचीस, कधी काही झालं का? जाताना तिला काही द्यायचं की नाही? कोंबडा तसाही ठेवता येत नाही तुला."

पुढारलेपणाच्या जोरावर हे उडवून लावणं सोपं होतं, पण मला ते जमेना. जागेचं आपण काही देणं लागतो ही कल्पना, भाडं आणि डिपॉझिट यांच्यापलीकडचं देणं, ही मी वाचलेल्या बऱ्याच नीतिविचारांपेक्षा खोल आहे. आपण घरं सोडतो तेव्हा वीजबिल भरतो, किल्ली देतो आणि सुटतो. ज्या विहिरीचं पाणी प्यायलो तिच्याकडे वळूनही पाहत नाही. काकूंच्या हिशेबात ती विहीर होती.

मी एवढंच म्हणाले, की देणं माझं असेल तर द्यायचं ते माझं असायला हवं. शिबी राजाने कबुतराला वाचवण्यासाठी ससाण्याला स्वतःच्या मांडीचं मांस कापून दिलं, दुसऱ्या कबुतराचं दिलं नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मग हा कोंबडा कुणाचा? तुझाच ना?"

'माझा'. या शब्दात सगळं अडकलेलं आहे. माझी छत्री आणि माझी आई, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. छत्री माझी म्हणजे मी ती विकू शकते, मोडू शकते, गाडीत विसरू शकते. आई माझी म्हणजे यातलं काहीच मी करू शकत नाही. उलट ती माझी असल्यामुळेच माझ्यावर बंधनं येतात. पहिल्या 'माझं'मध्ये अधिकार माझ्याकडे येतो, दुसऱ्यात समोरच्याकडे जातो. काकू पहिल्या अर्थाने बोलत होत्या, मी दुसऱ्या. कायदा काकूंच्या बाजूचा आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ताच. आणि खरं सांगायचं तर सरपंच दोन्ही अर्थांनी माझा होता. खुराड्याचे पैसे भरले तेव्हा पहिल्या अर्थाने, आणि नाव ठेवलं तेव्हा दुसऱ्या.

नावावरून त्या दोन बिननावाच्या तांबड्या आठवल्या. त्यांचं मी कमी देणं लागते का? मला वेगळ्या ओळखू येत नाहीत, हा दोष माझ्या नजरेचा. त्या एकमेकींना चोख ओळखतात. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने लहानपणापासून कोंबड्या पाहून त्यांच्या वह्या भरल्या आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते: कोण कुणाला चोच मारणार, कोण कुणापुढे बाजूला होणार. यासाठी प्रत्येकीला प्रत्येकजण ठाऊक असावी लागते. म्हणजे माझ्या परसात आठ जणांचा समाज होता, त्यात तंटे होते, मानपान होता. सरपंच काढून घेतला तर फक्त एक कोंबडा कमी होणार नव्हता. उरलेल्या सातजणींचा सगळा हिशेब विस्कटणार होता. 'कोंबड्या चालतील, कोंबडा नको' या वाक्यात कळप म्हणजे सुट्या नगांची बेरीज असं धरलेलं होतं.

सरपंचाला काकूंकडे ठेवावं का, तेही पाहिलं. त्या कापणार नाही म्हणाल्या असत्या, माझ्यासाठी. पण दिलेल्या वस्तूला अट लावता येत नाही. दिलं म्हणजे दिलं. पुढच्या गणपतीला मुंबईहून मुलं आली, गौरी उठल्यावर तिखट जेवणाची फर्माईश झाली, तर कोंबड्याची आठवण कुणाला होणार नाही? आणि त्यासाठी मी त्यांच्यावर रुसायचं? आपल्याला न झेपलेलं वचन दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं आणि वर त्याच्यावर नजर ठेवायची, हा काही मला चांगुलपणाचा प्रकार वाटत नाही.

शेवटी मी दुसरं घर पाहिलं. शहरापासून नऊ किलोमीटर लांब, पन्हाळ्याच्या रस्त्याकडे, शेताच्या कडेला. भाडं दीड हजाराने जास्त. आईने हिशेब मांडला: वर्षाचे अठरा हजार, पेट्रोल वेगळं. "एका कोंबड्यासाठी. एवढ्यात एखाद्या मुलीची वर्षाची फी भरून होईल." हा आक्षेप या सगळ्यातला सगळ्यात जड आहे आणि मला तो पुरता खोडता आलेला नाही. अठरा हजारांनी सगळ्यात जास्त भलं कुठे होईल असा प्रश्न असेल, तर उत्तर कोंबडा हे नक्कीच नाही. पण हा प्रश्न आपण ठरावीक ठिकाणीच विचारतो, याचं मला आश्चर्य वाटतं. झाकलेल्या पार्किंगसाठी महिन्याला दीड हजार देणाऱ्याला कुणी मुलीच्या फीबद्दल विचारत नाही. पत्र्याच्या गाडीला ऊन लागू नये हे समजू शकतं, कोंबड्यासाठी खर्च केला की लगेच जगातली गरिबी आठवते. शिवाय ती फी भरायचं मी ठरवलं, तर ते माझ्या गरजांतून काढावं, सरपंचाच्या मानेतून का?

राखण दिलीच. नारळाची. शिवाय विहिरीच्या कठड्याचे निखळलेले चिरे स्वखर्चाने गवंडी बोलावून बसवून घेतले. काकूंचं यावर पूर्ण समाधान झालं असं नाही.

नेण्याबद्दल थोडं सांगते, कारण नीट नेणं हाच आता सगळ्याचा पाया होता. आपल्याकडे कोंबड्या नेण्याचे नियम आहेत, हे मला तेव्हाच कळलं. प्राणी वाहतुकीच्या नियमांत २००१ साली कुक्कुट पक्ष्यांसाठी भर घातली गेली: ऊन, पाऊस, वाऱ्याचा थेट झोत लागू द्यायचा नाही, तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५च्या खाली असताना न्यायचं नाही, उकाड्यात दर सहा तासांनी पाणी द्यायचं. वाचून हसूच आलं. कोकणात २५च्या खाली पारा म्हणजे थंडीतली पहाट. आणि रोज सकाळी रस्त्यावरून मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या जातात, त्यांना कुठलं तापमान? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असं नेणं गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५०. त्या काळी त्याला काही किंमत असेल. आज तेवढ्यात धड अर्धा डझन गावठी अंडी येत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपले पक्षी घेऊन जाणं म्हणजे तिकडच्या पक्ष्यांकडे आपले रोगही घेऊन जाणं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, त्यात परसातल्याही होत्या. २०२१मध्ये नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली. माझ्या प्रेमापोटी शेजारच्या एखाद्या बाईची पुंजी बुडायला नको. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून आणलं, राणीखेतची लस टोचून घेतली, आणि नव्या जागी पहिले काही आठवडे दुसऱ्या कुणाच्या कोंबड्यांत मिसळू द्यायच्या नाहीत असं ठरवलं.

जानेवारीत पहाटे तीनला निघालो. अंधारात दांडीवरून उचललेली कोंबडी फार विरोध करत नाही. अंग गरम, पिसांखाली हाताला लागेल न लागेल असं पटपट चालणारं काळीज. दोन डालगी, दोन भाजीचे क्रेट, खाली पेंढा, वर गोणपाट. आजी आणि लंगडी एका क्रेटमध्ये, कारण त्यांचं जमतं. सरपंच एकटा. टेम्पोवाल्या दादाने शेवटी आपणच तोडगा काढला होता: आजीचा क्रेट केबिनमध्ये, आईच्या पायाशी, बाकीच्या मागे, पलंगाच्या आडोशाला. "म्हातारीला माणसांत धरलं," म्हणाला, "बाकीच्यांचं घाट उतरल्यावर बघू." घाटमाथ्यावर पारा नक्कीच पंधराच्या खाली गेला असणार. तिथे थांबून मी गोणपाटाखाली हात घालून पाहिला. त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

नव्या जागी आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवायचं असतं, म्हणजे 'घर' कुठे ते त्यांच्या अंगात मुरतं. तो आठवडा जड गेला. दिवसा त्या जाळीशी उभ्या राहत. सरपंच पहिले तीन दिवस आरवला नाही. मी रोज गुळाचं पाणी ठेवायचे आणि स्वतःला विचारायचे की हे मी त्यांच्यासाठी केलं की मला सोडून देणारी व्हायचं नव्हतं म्हणून केलं. दोन्ही असावं. मला नाही वाटत की ते वेगळं करता येतं.

आठव्या दिवशी दार उघडलं. दुपारभर शेताच्या बांधाला उकरत होत्या. चोचाचोचीही नव्याने सुरू झाली आहे. टिपकी होती त्याहून खाली घसरली आहे आणि दोन तांबड्यांपैकी एक कुणीतरी वर चढली आहे. कुठली, ते मला अजून ओळखता येत नाही. अंधार पडायला लागला तेव्हा सहाजणी आणि सरपंच आपणहून आत आले. आजी फाटकाशी उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. तिला मी उचलून आणलं.

अंडी बंदच होती. एकविसाव्या दिवशी पेंढ्यात एक मिळालं, लहानसं, टोकाला जरा वेडंवाकडं. आईने ते उकडलं आणि मीठ-मिरपूड लावून आम्ही अर्धं अर्धं खाल्लं.